सल्ला सदर: "एंट्रीला कुबडी पडेल, तू सरपटत जाऊन उचल म्हणतात. ऑडिशनला जाऊ का?"

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देतेय:

"ताई, मी २३ वर्षांची आहे. जन्मापासून डाव्या पायात ताकद नाही, कुबड्या घेऊन चालते आणि कुबड्या घेऊनच नाचते. टीव्हीवरच्या एका डान्स शोला व्हिडिओ पाठवला होता, तो सिलेक्ट झाला. मग त्यांच्या टीममधल्या एकाचा फोन आला. तासभर बोलला, त्यात डान्सबद्दल पाच मिनिटं. बाकी सगळं शाळेत कोण चिडवायचं, आई रडायची का, कधी जीव द्यावासा वाटला का असलं. म्हणाला, एंट्रीला तुझी कुबडी पडेल, तू सरपटत जाऊन ती उचलशील आणि मग म्युझिक सुरू. आणि आईने बाइटमध्ये म्हणायचं की आम्हाला ही ओझं वाटायची. आई तेव्हापासून गप्पच आहे. बाबा म्हणतात संधी सोडू नकोस, डान्सचे सर म्हणतात असल्या ठिकाणी पाऊल टाकू नकोस, मैत्रीण म्हणते सिंपथी व्होट मिळतील, टेन्शन कशाला घेतेस. जाऊ का? गेले तर काय बोलू? आणि पुढे गेलेच तर ते डान्समुळे की पायामुळे, हे मला कसं कळणार?"

जा.

उत्तर आधीच देऊन टाकते कारण खाली मी बरंच लांबण लावणार आहे. पण त्या माणसाने सांगितलेली एंट्री घेऊन जायचं नाही, आणि तिथे गेल्यावर बघू काय ते असं म्हणून तर अजिबात नाही, जे ठरवायचं ते आत्ता, घरी बसून, फोनवर आणि मग लेखी.

त्या फोनवाल्या मुलाला आपण राक्षस वगैरे नको समजूया. त्याचं काम काय असतं, तर प्रत्येक स्पर्धकाची एव्ही बनवायची, म्हणजे नाच सुरू व्हायच्या आधी दाखवतात ती दीड-दोन मिनिटांची फिल्म, त्यात घर, आई, खिडकीतून बाहेर बघणारी तू आणि मागे पियानो. ही एव्ही फक्त तुझ्यासारख्यांचीच करतात असं नाही, ज्याचे दोन्ही पाय धडधाकट आहेत त्याच्याकडूनही गरिबी, वडिलांचं आजारपण, मोडलेलं लग्न असं काहीतरी काढून घेतातच. तुझ्या बाबतीत फरक एवढाच की त्याला वाटतं स्टोरी आयती मिळाली, शोधायचे कष्ट नकोत. वरून त्याला सांगितलेलं असतं की प्रोमोला काहीतरी काढ, आणि तो काढतोय. त्यामुळे त्याच्याशी भांडू नकोस, त्याला दुसरी स्टोरी दे.

आणि देऊ शकतेस, कारण टीव्हीवर जे पहिलं ऑडिशन म्हणून दिसतं त्याच्या आधी प्रॉडक्शनवाल्यांच्या फेऱ्या होऊन गेलेल्या असतात, जजसमोर कुणाला उभं करायचं हे त्यांनी आधीच चाळून ठेवलेलं असतं. तुझा व्हिडिओ बघून त्यांनी फोन केलाय, म्हणजे तू त्यांना हवी आहेस. शूट होईपर्यंत पारडं तुझ्याकडे थोडं तरी झुकलेलं आहे, शूट झालं की फुटेज त्यांचं. मग तू वीस मिनिटं हसत बोललेली असलीस आणि एकदाच घसा दाटला असला तरी ते एकदाच काय ते टीव्हीवर येणार, जजचा डोळे पुसतानाचा शॉट दुसऱ्याच कुणाच्या नाचाचा असला तरी तुझ्या नाचाला जोडता येतो, प्रेक्षकांचे शॉट तर विचारूच नको. म्हणून जे दाखवायचं नाही ते कॅमेऱ्यासमोर करायचंच नाही. "हे एडिटमध्ये काढू" असं कुणी म्हणालं तर ते निघणार नाही असंच धरून चाल.

आता ती सरपटायची एंट्री. मला यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे ती साफ खोटी आहे. कुबड्या वापरणाऱ्या माणसाची कुबडी दिवसातून कितीदा तरी पडते, भिंतीला टेकवून ठेवलेली घसरते, बसताना पायात येते, आणि कुणी त्यासाठी जमिनीवर सरपटत बसत नाही. दुसऱ्या कुबडीवर वजन टाकायचं, कंबरेतून वाकायचं, पडलेलीचं हँडल त्या दुसऱ्या कुबडीच्या टोकाने किंवा चांगल्या पायाने जवळ ओढायचं आणि एका झटक्यात वर. तू हे रोज करत असशील, तुला त्यात काही वाटतही नसेल, पण ज्याने कधी पाहिलं नाही त्याला ते डान्स मूव्हच वाटेल. मग त्या पोराला सांग, कुबडी पाडायचीच आहे ना, पाडते, पण माझ्या नाचात, माझ्या बीटवर, आणि उचलणार मी माझ्या पद्धतीने. तुझे सर एवढे चिडलेत तर त्यांनाच बसव कोरिओग्राफीला, राग चांगल्या कामाला लागेल.

असं केलेली माणसं आहेत, आणि टीव्हीवरच आहेत. ली रिडली, स्टेजवरचं नाव लॉस्ट व्हॉइस गाय, २०१८ मध्ये 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' जिंकला. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याला बोलता येत नाही, मशीनमध्ये टाइप केलेलं मशीन बोलतं, आणि तो आहे स्टँड-अप कॉमेडियन! त्याने काय केलं, तर स्वतःच्या अपंगत्वावरचे जोक स्वतःच मारले आणि लोक त्याच्याकडे कसे बघतात त्यावरही मारले, त्यामुळे जजेसना रडायला सवडच मिळाली नाही, हसत बसावं लागलं. तो शो जिंकणारा तो पहिला कॉमेडियन. किंवा रोझ आयलिंग-एलिस बघ, कर्णबधिर अभिनेत्री, २०२१ मध्ये ब्रिटनचाच 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' जिंकली (तो सेलिब्रिटींचा शो आहे, पण मुद्दा तोच). एका नाचात मध्येच म्युझिक बंद होतं, काही सेकंद पूर्ण शांतता, आणि ती आणि तिचा पार्टनर नाचतच राहतात, एक पाऊलही चुकत नाही. तिचं जग कसं असतं हे कुठल्याही एव्हीने सांगितलं नसतं एवढं त्या काही सेकंदांनी सांगितलं, आणि तेही नाचूनच. पुढच्या वर्षी त्या क्षणाला बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या टीव्ही पुरस्कारांतलं, प्रेक्षकांच्या पसंतीचं अवॉर्ड मिळालं. २०१७ च्या 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'मध्ये मँडी हार्वी अनवाणी येऊन गायली, कारण तिला ऐकू येत नाही, जमिनीतून येणारी कंपनं तळपायाला कळतात आणि त्यावर ती ताल धरते. ते अनवाणी पाय नाटक म्हणून नव्हते, गाण्यासाठी लागणारं सामान होतं ते, आणि म्हणूनच बघणाऱ्याच्या डोक्यातून जात नाहीत.

(तिला त्यानंतर कर्णबधिर समाजातल्याच काही लोकांकडून धमक्या आल्या, की ऐकणाऱ्यांची कला मिरवतेस म्हणून. म्हणजे टीव्हीवर गेलं की दोन्ही बाजूंनी ऐकावं लागतं, त्याची तयारी ठेव.)

तुझ्या सरांचा जो राग आहे तो मला पटतो, फक्त त्यावरचा उपाय पटत नाही. स्टेला यंग नावाची एक ऑस्ट्रेलियन कॉमेडियन आणि पत्रकार होती, स्वतः व्हीलचेअर वापरायची, तिचं २०१४ चं टेड टॉक नेटवर आहे, सरांना जरूर दाखव. तिचं म्हणणं असं की अपंग माणसाने अगदी साधी गोष्ट केली तरी लोक त्याला प्रेरणा प्रेरणा करत डोक्यावर घेतात, आणि त्यात खरा फायदा बघणाऱ्याचा असतो, आपलं आयुष्य वाईट आहे पण याच्याइतकं तर नाही ना, असं म्हणून तो बरं वाटून घेतो. त्यातच ती म्हणते की जिन्याकडे बघून कितीही हसलात तरी त्याचा रॅम्प होत नाही. अगदी हेच आपल्याकडे सुधा चंद्रन यांच्या बाबतीत दिसलं. १९८१ च्या अपघातानंतर पाय कापावा लागला, जयपूर फूट लावून त्या पुन्हा भरतनाट्यम करायला लागल्या, सगळ्या देशाने कौतुक केलं, शाळेच्या पुस्तकांपर्यंत गोष्ट गेली, आणि २०२१ मध्ये त्यांनाच व्हिडिओ टाकून सांगावं लागलं की प्रत्येक वेळी एअरपोर्टवर सिक्युरिटीला मला कृत्रिम पाय काढायला लावतात हो. टाळ्या वाजवून झाल्या म्हणून रांगेत कुणी सोय करत नाही.

म्हणून त्या फोनवर तू पहिला प्रश्न विचारायचा तो सोयीचा. आणि लाजत विचारू नकोस.

स्टेजला वर चढायला पायऱ्या आहेत का, असल्या तर रॅम्प लावणार का, की मला उचलून नेणारे दोन जण देणार (नको म्हणायचं, ते पण शूट करतील). टॉयलेट कुठे आहे आणि त्याच्या दारातून कुबड्यांसकट आत जाता येतं का, कारण ऑडिशनला सकाळी बोलावतात आणि नंबर रात्री लागतो, तेवढा वेळ पाणी न पिता बसलीस तर नाचशील काय. बसायला पाठ असलेली खुर्ची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्लोअर. असल्या शोजमध्ये खाली चकचकीत ग्लॉसी किंवा एलईडीचा फ्लोअर असतो, लाइटमध्ये भारी दिसतो, पण कुबडीचं रबर त्यावर घसरतं, त्यात वरून धूर सोडला की खाली हलका ओलावा धरतो आणि मग विचारूच नको. दुसऱ्या स्पर्धकाचा पाय घसरला तर तो दुसऱ्या पायावर सावरतो, तुझी कुबडी घसरली तर तू थेट खांद्यावर पडशील. तर शूटच्या आधी त्याच फ्लोअरवर, त्याच लाइटमध्ये पूर्ण नाच एकदा करून बघायला मिळाला पाहिजे, आणि तुझ्या नाचात धूर नको, हे दोन्ही लिहून घे. झिजलेलं रबर घालून जाऊ नकोस, नवीन जोडी थोडी आधी घालून वापरून घे म्हणजे पकड कळेल, आणि एक जोडी बॅगेत जास्तीची. स्पिन घेताना किंवा दोन्ही कुबड्यांवर पूर्ण अंग उचलतेस तेव्हा ग्रिप किती लागते हे तुलाच माहीत, त्यांच्या कोरिओग्राफरला ते माहीत नसण्याची शक्यता जास्त. कुबड्यांवर नाचणाऱ्यांचे व्हिडिओ त्याला पाठव हवं तर. कॅनडाचा लुका पटुएली, लेझीलेग्झ नावाने ब्रेकडान्स करतो, किंवा जर्मनीचा दर्गिन टोकमाक, पोलिओ झालेला, सर्क द्यू सोले या जगप्रसिद्ध सर्कस कंपनीच्या 'वारेकाय' शोमध्ये कुबड्यांवर सोलो करायचा. म्हणजे त्याला कळेल की ही वेगळी टेक्निक आहे, पाय नाही म्हणून केलेली तडजोड नाहीये.

हे सगळं मागताना आपण नखरे करतोय असं वाटेल. वाटू दे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिव्यांग हक्कांसाठी काम करणाऱ्या निपुण मल्होत्रा यांच्या केसमध्ये पडद्यावर दिव्यांग माणसं कशी दाखवावीत यावर गाइडलाइन्सच दिल्यात. केस एका सिनेमावरून होती पण बोललेत व्हिज्युअल मीडियाबद्दल. खिल्ली उडवू नका हे तर आहेच, पण त्यांना अचाट शक्तीचे हिरो म्हणूनही दाखवू नका, आणि ज्यांच्याबद्दल दाखवताय त्यांना विचारून दाखवा, हेही त्यात आहे. फोनवर भाषण ठोकू नकोस, फक्त मेलमध्ये एक ओळ टाक, त्यांच्या लीगलवाल्यांना कळतं.

मेलवरून आठवलं, कॉन्ट्रॅक्ट. साइन करायच्या आधी घरी आणायचं, तिथे उभ्या उभ्या करायचं नाही. त्यात बहुतेक असं असतं की तुमचं फुटेज आम्ही कसंही कापू, जोडू, नाट्यमय करू. ते काढून मिळायचं नाही, मोठ्या मोठ्या लोकांना मिळत नाही. पण सोबत मेल पाठवून ठेव की अमुक प्रसंग घडलेला नाही आणि तो मी करणार नाही, माझे कपडे बदलताना किंवा पट्टे बांधताना-काढताना शूटिंग नको, सरप्राइज म्हणून कुणालाही स्टेजवर आणायचं असेल तर आधी घरच्यांना विचारा. शाळेत चिडवणाऱ्या पोराला तुझी माफी मागायला घेऊन येतील आणि तू जगासमोर त्याला मिठी मारायची, असल्या आयडिया यांना सुचतात.

जीव द्यावासा वाटला का, या प्रश्नाचं उत्तर अनोळखी माणसाला फोनवर द्यायला तू बांधील नाहीस. कधी वाटलं असेल तर ते बोलायला आई आहे, डॉक्टर आहेत, त्यांच्याशी बोल, पण चॅनलशी नाही. "मला त्यावर बोलायचं नाही" एवढं पुरे, कारण द्यायची गरज नाही.

मग बोलायचं काय? नाचाबद्दल बोल ना. भरपूर बोल, त्यांना एव्ही भरायला मटेरियल हवंय, ते दे. पहिल्यांदा कुबडीवर पूर्ण वजन टाकून पाय हवेत नेलास तेव्हा काय वाटलं, तळहाताला कुठे घट्टे पडलेत ते कॅमेऱ्यात जवळून दाखव, कुठला स्टेप सहा महिने बसत नव्हता, सर किती ओरडतात. पायाबद्दल विचारलं तर तेही सांग, लपवायचं काही कारण नाही, जन्मापासून असं आहे, एका वाक्यात, आणि पुढच्या वाक्यात परत नाच.

आईचं. तिला ते वाक्य म्हणायला लावायचं नाही, यावर चर्चाच नको. मला तर वाटतं आईला हे वाईट वाटलं नसून भीती वाटलीये की आपण कधी चुकून असं वागलो होतो का आणि पोरीने बाहेर सांगितलं का. जाऊन तिला सांग की तो माणूस हे वाक्य घरूनच लिहून आला होता. आणि तिला कॅमेऱ्यासमोर यायचंच नसेल तर नको येऊ दे, बाबा आहेत की हौशी. मात्र एक लक्षात ठेव, असल्या एव्हीजमध्ये अपंग स्पर्धकाऐवजी आईबापच बोलत राहतात आणि स्पर्धक शेजारी बसून मान हलवतो. ज्याला बोलणं खरंच अवघड जातं त्याच्यासाठी आई बोलली तर गोष्ट वेगळी, २०१९ मध्ये 'अमेरिकाज गॉट टॅलेंट' जिंकलेला कोडी ली अंध आहे, ऑटिस्टिक आहे, त्याची आई स्टेजवर सोबत होती आणि तिचं असणं गरजेचं होतं. तुला तोंड आहे. चांगलं चालतं असं पत्रावरून दिसतंय.

आता तुझा तिसरा प्रश्न, जो खरंतर पहिला असावा. डान्समुळे की पायामुळे?

व्होट कशामुळे पडले हे कुठल्याच स्पर्धकाला कळत नाही गं. कुणाला दिसण्यावर पडतात, कुणाला भाषेवर, कुणाला गाव पाठीशी उभं राहतं, आणि त्यातलं कुणी रात्री जागून "मला माझ्या डान्सवर पडले की गालाच्या खळीवर" असा विचार करत बसत नाही. ही काळजी फक्त तुझ्या वाट्याला आलीये आणि तू ती घेऊ नयेस असं माझं मत. शिवाय तुझा नाच आणि तुझा पाय वेगळे काढणार कसे? कुबड्या काढल्या तर हा नाचच उरत नाही.

पण व्होट सोडून दे, जजकडून मात्र तुला खरं उत्तर काढता येईल. बऱ्याच वेळा होतं काय, असा परफॉर्मन्स झाला की सगळे उभे राहतात, कुणीतरी म्हणतं "तुझ्यापुढे मी काय बोलणार", आणि विषय संपतो. म्हणजे बाकीच्यांना "सेकंड हाफमध्ये टायमिंग गेलं, लाइन क्लीन नाही" असं सांगतात आणि तुला फक्त आशीर्वाद. असं झालं तर माइक हातात असतानाच विचार, "थँक्यू, पण टेक्निकली काय सुधारू?" हसून विचार. चांगला जज असेल तर त्याला हायसं वाटेल आणि खरं सांगेल, आणि सांगितलं नाही तर त्या जजच्या मार्कांना किती किंमत द्यायची ते तुला कळलं. मैत्रिणीला सांग, सिंपथीवर एखादा आठवडा निघतो, पुढच्या आठवड्यात लोकांना नवीन नाच लागतो. तुझ्याकडे तसे किती नाच तयार आहेत? एकच असेल तर ऑडिशनपेक्षा तेच मोठं टेन्शन आहे, आत्तापासून सरांबरोबर बस.

नंतरचं पण बघून ठेव. सुझन बॉइल ही गायिका २००९ मध्ये त्याच 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट'मधून एका रात्रीत जगभर गेली, फायनलला दुसरी आली आणि लगेच थकव्याने क्लिनिकमध्ये दाखल व्हावं लागलं, अ‍ॅस्पर्जर्स (ऑटिझमचाच एक प्रकार) असल्याचं निदान तर तिने काही वर्षांनी, २०१३ मध्ये जाहीर केलं. तिकडे २०२१ पासून ऑफकॉमने, म्हणजे टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारमान्य संस्थेने, चॅनल्सना स्पर्धकांच्या मानसिक काळजीचे नियम लावलेत. तू आपल्यापुरतं एवढं कर की एपिसोड लागल्यावर पहिले काही दिवस कमेंट्स तू वाचायच्या नाहीत, मैत्रिणीला वाचू दे, तिला टेन्शन येत नाही असं तिचंच म्हणणं आहे. बुकिंगसाठी वेगळा नंबर घे, घरचा देऊ नकोस. आणि कार्यक्रमाला बोलावणारे येतील त्यातले निम्मे "प्रेरणादायी भाषण द्या, मानधन नाही" म्हणतील, त्यांना रेट सांगायचा. नाचाचा रेट.

आणि हे सगळं ऐकून चॅनल म्हणालं की मग राहू दे, दुसऱ्याला घेतो? म्हणू शकतात. वाईट वाटेल, चार दिवस रडशील. पण त्यांना नाच नको होता हे स्टेजवर सरपटल्यानंतर कळण्यापेक्षा फोनवर कळलेलं बरं, आणि तुझा व्हिडिओ तर तुझ्याकडेच आहे, दुसरे शोज आहेत, तोच तिकडे पाठव.

उद्या त्या मुलाला फोन कर, संध्याकाळी करू नकोस, ते शूटवर असतात आणि घाईत हो हो म्हणून टाकतात. बोलणं झालं की लगेच मेल. कॉन्ट्रॅक्ट आलं की बाबांना वाचायला दे, त्यांना जायची एवढी घाई आहे ना, मग बारीक अक्षरातलं सगळं त्यांनीच वाचायचं. काय म्हणाले ते मला कळव.